डाव्या गालातला प्रसाद

मुखेड तालुक्यातल्या पाच-सहा गावांत इंदू सिस्टरचं नाव निघालं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "ती आली की आधी 'आ कर' म्हणती बया. चहाचं नंतर, ख्यालीखुशाली त्याच्या नंतर." पिशवीतून छोटी बॅटरी निघायची, अंगठ्यानं समोरच्याचा खालचा ओठ उलटला जायचा. मग डब्यातलं पीठ कितीक उरलं हे बघावं तशी इंदू वाकून गालाच्या आत बघायची.

उपकेंद्रावर नर्स म्हणून तिनं बत्तीस वर्षं काढली. नोकरीच्या सुरुवातीला एक म्हातारे डॉक्टर होते. ते म्हणायचे, "बाई, आपल्याकडं मशिनी नाहीत. पण पोटातलं ओठावर येतं, तेवढं वाचायला शिका." इंदू शिकली. ओठ आतून पांढराफटक दिसला तर रक्त कमी, मग ती बाई कितीही "मला काय बी होत न्हाई" म्हणू दे. जीभ धुतलेल्या पाटीसारखी गुळगुळीत आणि ओठांचे कोपरे चिरलेले, तर पोटाला धड मिळत नाही. मोठ्या माणसाच्या तोंडात दह्यासारखा थर, पुसला की निघतो आणि खाली लालबुंद दिसतं, तर साखर तपासायला पाठवा. पांढरा डाग पुसून निघतच नाही, तर मिसरीची डबी आधी चुलीत घाला.

एकदा एका वस्तीवर तापलेल्या पोरीच्या गालात, दाढांच्या समोर, लाल जागेवर मिठाचे कण सांडावेत तसे ठिपके दिसले. अंगावर एकही पुरळ नव्हतं. इंदू म्हणाली, "गोवर आहे. हिला बाकीच्या लेकरांपासून वेगळं ठेवा." पोरीची आई भांडायला उठली. दोन दिवसांनी पोर अंगभर फुलली तेव्हा तीच आई सगळ्या वस्तीला सांगत सुटली, "शिस्टरच्या बॅटरीत देवी हाय!"

हे ऐकलं की इंदू हात जोडायची. देवीवर तिचा जीव होताच, पण तिच्या नवऱ्यापुढं तिची भक्ती म्हणजे समईपुढची काडी.

नवऱ्याचं नाव रेणुकादास. त्यांच्या आईला मूल जगत नव्हतं. तिनं माहूरच्या रेणुकाआईला नवस केला, की एक मुलगा दे, तो जन्मभर रोज तुझा विडा कुटेल आणि त्याच्यामागं त्याचा थोरला कुटेल. मुंज झाली त्या दिवसापासून रेणुकादासांनी तो नेम धरला. आंघोळ करून, सोवळं नेसून, लोखंडी खलात पान, चुना, कात, सुपारी, बडीशेप, लवंग, वेलदोडा घालून ते तांबूल कुटायचे. खलाला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, बायकोचासुद्धा नाही. मग नैवेद्य, आरती आणि शेवटी शंख. त्यांचा शंख ऐकून गल्लीतल्या बायका कुकर चढवायच्या, इतका तो वेळेचा पक्का.

शेजारपाजारी चिमूट चिमूट प्रसाद जायचा. उरलेला चांदीच्या डबीत. प्रसाद टाकायचा नसतो, शिळा ठेवायचा नसतो. दुसऱ्या दिवशीचा विडा कुटायच्या आत डबी रिकामी झाली पाहिजे. म्हणून ते दिवसभर थोडा थोडा डाव्या गालात धरायचे. चावायचा नाही, आपोआप विरघळू द्यायचा. वर्गात संस्कृत शिकवताना, संध्याकाळी पोथी वाचताना गाल जरासा फुगलेला असायचाच. तेच रेणुकादास सर शाळेत मुलांच्या खिशातून गुटख्याच्या पुड्या काढून सगळ्यांदेखत जाळायचे. एकदा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी खडा टाकला, "सर, तुमच्या गालात काय मग?" सर शांतपणे म्हणाले, "आई आहे." कुणी पुन्हा विचारलं नाही.

नवरा-बायको तेव्हा मुखेड तालुक्यातच, इंदूच्या उपकेंद्राच्या हद्दीत राहत होते. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली. तिशीच्या वरच्या एकूण एक माणसाचा तपासणीचा फॉर्म भरायचं फर्मान आलं होतं, आणि मार्च संपत आला होता. इंदूच्या हाताखाली नागुबाई नावाची आशा कार्यकर्ती होती. बौद्ध घरातली, नवऱ्यामागं एकटीनं लेक वाढवणारी, जिभेला धार असलेली. दोघींनी उन्हातान्हात सगळी घरं संपवली. शेवटी राहिलं इंदूचंच घर. सकाळची वेळ. रेणुकादास पूजा आटोपून देवघराच्या दारात पाटावर बसलेले. नागुबाई प्रश्न वाचत होती, इंदू खुणा करत होती.

"सर, तंबाखू, गुटखा, मावा, सुपारी?"

रेणुकादास हसले. "लिही, आईच्या नावाशिवाय कसलंही व्यसन नाही."

इंदूनं 'नाही'वर खूण केली.

"तोंड उघडायला काय तरास?"

"उघडायची पाळीच कुठं येते? घरात तुझी सिस्टर बोलते, मी ऐकतो."

तिघंही हसले. नागुबाई बॅटरी घेऊन उठली. "आ करा की सर. समद्या गावाचं बघितलं, तुमचंच राहिलं."

"अगं, थांब नागुबाई," इंदू चटकन म्हणाली. "सोवळ्यात आहेत ते."

नागुबाई जागच्या जागी थांबली. बॅटरी बंद केली आणि खाली बसली. "बरं," म्हणाली, "मग काय लिहायचं?"

"सामान्य," म्हणत इंदूनं खूण केली.

एवढंच झालं. मिनिटभराचं काम. फॉर्म पिशवीत गेला, पिशवी तालुक्याला गेली.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते इंदूला पुढं उलटं मोजून आठवत बसावं लागलं. आधी ठेचा बंद झाला. "नको, जाळ होतो," रेणुकादास म्हणाले. इंदूला वाटलं, वय झालं, वैराग्य यायला लागलं, आणि तिला मनातून बरंच वाटलं. मग शेंगदाण्याची चटणी गेली. मग भाकरीचा मोठा घास जाईना, तेव्हा ती भाकर दुधात कुस्करून द्यायला लागली. पुरणपोळ्या तळहाताएवढ्या लाटायला लागली. दात घासायला मोठा ब्रश नको म्हणाले, तर लहान लेकरांचा आणून दिला. तिचे हात एकेक गोष्ट ओळखत गेले आणि सांभाळून घेत गेले. ते कुणी तिच्या डोळ्यांना सांगितलं नाही.

मग एका सकाळी शंख वाजला नाही. रेणुकादासांनी दोनदा फुंकला, नुसती हवा निघाली. गाल फुगतच नव्हते. "दम लागतो," ते ओशाळून म्हणाले. इंदू घाबरली. मुलगा श्रीनाथ लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. त्याच्याकडं नेऊन तिनं त्यांच्या छातीच्या सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघालं. येताना तिनं देवीची ओटी भरली.

निवृत्तीनंतर दोघं नांदेडला छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आले. एका श्रावणात नागुबाई पेढे घेऊन आली. तिच्या लेकीला, बुद्धप्रियाला, नांदेडच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

"घ्या सर, तोंड गोड करा. तुमच्या शिस्टरचंच बघून पोरगी बिघडली."

रेणुकादासांनी पेढा घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि एकेक तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवला. नागुबाईचं हसणं मावळलं. ती त्यांच्या बोटांकडंच बघत राहिली.

"सर, एक करता का? तीन बोटं उभी घाला बघू तोंडात. तुमचीच घाला. मी हात लावत न्हाई."

इंदूच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच राहिलं. ही तीन बोटं त्या दोघींनी गावोगावच्या शेकडो माणसांना घालायला लावली होती. धड तोंडात तीन बोटं सहज जातात. गुटखेवाल्यांची जायची नाहीत.

रेणुकादासांनी गंमत म्हणून घातली. दोन बोटं कशीबशी अडून गेली. तिसरं दातांवर टेकून राहिलं.

इंदूनं बॅटरी आणली. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बघितलं, या तोंडात पहिल्यांदा. आतला गाल गुलाबी आणि मऊ असायला हवा. तो पांढुरका, ताठ, वाळवलेल्या कातड्यासारखा झाला होता. बोटाखाली उभ्या दोऱ्या लागत होत्या, सुतळी ताणून बांधावी तशा. आणि डाव्या बाजूला, अगदी खालच्या घडीत, रुपयाएवढी जखम. कडा उंच आणि घट्ट.

"हे कधीपासून आहे?"

"आषाढात दाढ लागली होती. तोंड आलंय, दुसरं काय! उष्णता," रेणुकादास म्हणाले आणि रुमालानं ओठ पुसून डबी उघडायला लागले.

स्वयंपाकघरात नागुबाईनं आवाज खाली केला. "शिस्टर, सुपारी."

"ते सुपारी खात नाहीत." शब्द आपसूक निघाले. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांबद्दल नेमक्या ह्याच सुरात सांगायच्या.

"मग त्या डबीत काय असतंय?"

गॅसवर दूध उतू गेलं, इंदूनं गॅस बंद केला नाही. नागुबाईनंच केला.

"मी तुमच्या देवीला बोट लावत न्हाई, शिस्टर. पण सुपारीला कुठं ठाऊक असतंय, ती कुणाच्या पुढं ठेवल्याली हाय!" मग ती म्हणाली, "त्या दिशी मी उठले होते बघायला."

"आठवतंय गं."

जाताना चप्पल घालता घालता नागुबाईनं इंदूच्या पाठीवरून हात फिरवला, इतकंच.

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर रेणुकादास देवघरातूनच म्हणाले, "इंदू, इकडं ये. तुझा चेहरा मी वाचतो की. काय आहे, खरं सांग. आईच्या विड्यानं तर नाही ना झालं?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. ज्या माणसानं मुंजीपासून एकच खांब धरून उभं राहायचं ठरवलं, त्याच्या हातातून तो खांब काढायचा कसा? तुमच्या आईनं केलेल्या नवसानंच हे झालं, हे कोणत्या शब्दांत सांगायचं? आपण गालाचा तुकडा तपासायला देऊ, डॉक्टर ऑपरेशन करतील, मग तोंडात काही धरायची गोष्टच राहणार नाही. नेम आपोआप सुटेल, श्रद्धा राहील, माणूसही राहील. तिनं एवढा हिशेब त्या एका क्षणात केला.

"नाही हो," ती म्हणाली. "दाढेची कड लागून लागून झालंय."

रेणुकादासांनी सुटकेचा श्वास सोडला आणि देवीला नमस्कार केला. तो नमस्कार इंदूला सहन झाला नाही. ती उठून आत गेली.

तुकड्याचा अहवाल आला. कॅन्सरच होता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबू नका. पण नवरात्र महिन्यावर आलं होतं.

"नवरात्रात मी दवाखान्यात? उभ्या जन्मात घडलं नाही," रेणुकादास म्हणाले. "दसरा होऊ दे. सीमोल्लंघन करू आणि जाऊ. आत्ता तर आईची जास्त गरज आहे."

"डबी तरी बाजूला ठेवा काही दिवस. तोंडाला आराम."

"आराम? अगं, तेच तर औषध आहे."

आणि इंदूनं बघितलं. ते चिमूट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि बोटानं आत सारून नेमका त्या जखमेवर दाबून ठेवायचे. पूर्वीपेक्षा जास्त, पूर्वीपेक्षा जास्त वेळ. दुखलं की डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हसायचे. "झोंबतं म्हणजे काम करतंय." ती दारात दुधाचं भांडं घेऊन उभी असायची. आत्ता सांगते, आत्ता सांगते, म्हणत दूध गार व्हायचं. अष्टमीला तिनं घटापुढं डोकं टेकवून म्हटलं, आई, तूच सांग त्यांना. घटावरचं धान हिरवंगार उगवलं होतं. शेजारणी म्हणाल्या, यंदा देवी प्रसन्न आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मफलर काढताना मानेतली गाठ तिच्या बोटाला लागली. श्रावणात ती नव्हती.

ऑपरेशन लातूरला झालं. अर्धा जबडा, गालाचा तुकडा, मानेतल्या गाठी. छातीवरचं कातडं काढून गालाला जोडलं. नाकातून नळी, मग रेडिएशनचा शेक. श्रीनाथ क्लास सांभाळून गाडीनं ने-आण करायचा, बिलं भरायचा, औषधं आणायचा. डॉक्टरांशी सगळं बोलणं मात्र इंदूच करायची, आणि फाइल तिच्याच पिशवीत असायची. दाढेची कड लागून झालं, असंच श्रीनाथ लोकांना सांगायचा, कारण बाबांनी त्याला तसंच सांगितलं होतं.

रेणुकादासांना बोलता येत नव्हतं. इंदूनं गंजगोलाईच्या बाजारातून पाटी आणि खडू आणले. अक्षर अजून वळणदार होतं. पाटीवर रोज सकाळी पहिला शब्द 'आई' असायचा. दुसरा बहुतेक 'विडा?' ती सांगायची, कुटला, दाखवला. पान-बडीशेप कुटून ती खरंच दाखवत होती.

माघात जखमेच्या शिवणीवर पुन्हा एक गाठ दिसली. पुन्हा दवाखाना. एक तरुण डॉक्टरीणबाई नवीन होत्या. फाइल चाळता चाळता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "सुपारी किती वर्षं?"

"पंचावन्न," इंदू म्हणाली.

बत्तीस वर्षांची सवय. डॉक्टर विचारतात, नर्स सांगते. शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं की रेणुकादास शेजारच्याच खुर्चीवर आहेत, आणि त्यांचे कान चांगले आहेत.

श्रीनाथ गाडी काढायला गेला होता. दोघं बाहेर बाकावर बसले. रेणुकादासांनी पिशवीतून पाटी काढली.

'कुठली सुपारी?'

इंदूनं फाइल पिशवीत सारली.

'विड्यातली?'

तिनं मान डोलावली.

'तुला ठाऊक होतं?'

"हो." मग तिला वाटलं, आता अर्धवट नको. "श्रावणापासून."

त्यांनी तळहातानं पाटी पुसली. बराच वेळ खडू तसाच धरून बसले. समोरून स्ट्रेचर गेलं, चहावाला गेला. मग त्यांनी सावकाश, मुलांना गिरवायला देतात तसं मोठं लिहिलं:

'आईलाही असेल.'

खडू खिशात ठेवला. पाटी पालथी केली.

नांदेडला आल्यावर त्यांनी खुणेनं पलंग फिरवून घेतला. आधी उशी अशी होती की डोळे उघडले की देवघर दिसावं. आता समोर भिंत आली. इंदू आरती करायची तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे. झोपलेले नसायचे. ती रोज ओल्या कापसानं त्यांचं तोंड पुसायची, बॅटरी लावून बघायची. जिथं हात पोचायला हवा होता तिथं आता रोज पोचत होता. दिसायचं ते वाढत चाललेलं दिसायचं. नागुबाई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा रेणुकादासांनी स्वतःहून पाटी मागितली आणि लिहिलं, 'त्या दिवशी तू उठली होतीस.' नागुबाईनं वाचलं, पदर डोळ्यांना लावला. "सर, झालं गेलं ते," म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

देवीचं नाव पाटीवर पुन्हा आलं नाही. वैशाखात, भिंतीकडं तोंड करूनच, ते गेले. शेवटी त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवताना इंदूला दात वेगळे करता आले नाहीत. पान ओठांवरच राहिलं.

तेरावा झाला. चुलते-मामा निघताना श्रीनाथला सांगून गेले, "घराण्याचा नेम आहे, बाबा. थोरल्यानं मोडायचा नसतो." श्रीनाथचा देवावर बेताचाच विश्वास, पण बापावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो बापाचं सोवळं नेसला, खल पुढ्यात घेऊन देवघरात बसला. पानं ठेवली, चुना लावला, कात घातला. कपाटातून बाबांचा सुपारीचा डबा काढला आणि मूठभर खांडं खलात टाकली.

"आई, सुपारी एवढी पुरे का? बाबा किती घालायचे?"

इंदू दारातून आत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"अगं, काय करून राहिलीस? सोवळ्यात आहे मी."

"असू दे." तिनं हात सोडला नाही. "सुपारी नाही घालायची. ह्या सुपारीनंच गेले ते."

हे वाक्य त्या घरात, त्या देवीपुढं, पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. श्रीनाथ तिच्याकडं बघत राहिला. गणित शिकवणारा माणूस, त्याला वेळ लागला नाही.

"तुला कधी कळलं?"

"श्रावणात."

"आणि ऑपरेशन दसऱ्यानंतर." त्यानं बोटांवर मोजलं. "मधले दोन महिने ते रोज खात होते?"

"हो."

"बाबांनी तुला विचारलं नाही कधी?"

"विचारलं होतं."

श्रीनाथनं बत्ता खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून हळूच ठेवला. उठला, सोवळ्यातच बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. किती वेळ, त्यानंही मोजला नाही.

इंदू खलापुढं बसली. एकेक खांड वेचून तिनं पदरात घेतलं. ही देवीच्या नावानं काढलेली सुपारी. ती केरात टाकता येत नाही, कुणाला देता येत नाही, पुन्हा डब्यात ठेवायची नाही. तिनं पदराला गाठ मारली. समोर समई होती, आईचा मुखवटा होता, पुढं प्रसादाची रिकामी डबी. नमस्कार करायला तिनं हात जोडले, पण म्हणायचं काय ते सुचेना. गाठ मुठीत धरून ती तशीच बसून राहिली.